गाडी अंगणात घ्यायचीये, पण मार्जिन आड येतंय

वाचकांचे प्रश्न, इंजिनिअर ताईंची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये गेट, रॅम्प आणि घरापर्यंत गाडी न्यायची जागा यावरचेच प्रश्न खूप होते, म्हणून सगळा अंक त्यालाच दिलाय. मार्जिन म्हणजे हद्दीपासून घरापर्यंत नियमाने मोकळी सोडायची पट्टी. चार पत्रं घेतलीत, नावं छापत नाही, पत्रं थोडी आटोपशीर केलीत.

प्रश्न: ताई, आमचं घर जळगावात पिंप्राळ्याकडे आहे, जुन्या लेआऊटमधला प्लॉट, नकाशा मंजूर करून बांधलेलं. बांधलं तेव्हा रस्ता डांबरी होता आणि गेटच्या लेव्हलला होता. नंतर त्यावर थरावर थर चढत गेले, शेवटी काँक्रीट झालं आणि आता रस्ता आमच्या अंगणापेक्षा दीड फूट वर आहे. मुलाने यंदा गाडी घेतली, ती आत येत नाही. समोरचं मार्जिन 3 मीटर आहे. प्लॉट तिरपा आहे, उजवीकडची पट्टी पुढे साडेदहा फूट आणि मागे जाऊन सात फूट होते. गेटच्या डाव्या अंगाला विजेचा खांब. आमचा विचार असा की गटारीवरून चार फूट रस्त्यात रॅम्प काढायचा, गेट उजवीकडे सरकवायचं आणि उजव्या पट्टीत पत्र्याची शेड टाकायची. ओळखीचा एक इंजिनिअर म्हणतो मार्जिनमध्ये सवलत मिळते, आधी बांधून घ्या, मग पैसे भरून रेग्युलर करू. उजवीकडचे शेजारी मात्र कुरकुर करताहेत. काय करावं? – एक वाचक, जळगाव

उत्तर: काका, सगळ्यात आधी एक सांगते, "आधी बांधा मग बघू" हा सल्ला ऐकू नका. सवलत मागायची तर ती बांधायच्या आधीच मागायची असते, कारण बांधून झाल्यावर तुम्ही सवलत मागत नाही, माफी मागता, आणि या दोन अर्जांकडे अधिकारी वेगवेगळ्या नजरेने बघतात. वरून शेजाऱ्याने तक्रार केली तर नगररचना कायद्याच्या, म्हणजे 1966 च्या एमआरटीपी ॲक्टच्या कलम 53 ची नोटीस येऊ शकते आणि मग शेडचा खर्च गेला तो गेला, पाडायचा खर्चही तुमच्याच गळ्यात.

आता तुमच्या तीन गोष्टी वेगवेगळ्या करू, कारण तिन्हींचे मालक वेगळे आहेत आणि नियमही वेगळे.

कंपाऊंडच्या बाहेरचं जे काही आहे, गटार, साइडपट्टी, रस्ता, ते तुमचं नाही. तिथे मार्जिनची सवलत हा विषयच येत नाही. महापालिका अधिनियम 1949 च्या कलम 229 मध्ये सरळ म्हटलंय की परवानगीशिवाय रस्त्यावर किंवा रस्त्यातल्या गटारीवर भिंत, कठडा, पायरी असलं काही अडथळा होईल असं बांधता येत नाही, आणि कलम 231 खाली आयुक्तांना ते काढून टाकता येतं, त्यासाठी नोटीस द्यायचीही गरज नाही. चार फुटांचा रॅम्प रस्त्यात म्हणजे पावसाळ्यात रात्री येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या पुढ्यात चार फुटांचा दगडच की. तिथे तुम्हाला फक्त गटार ओलांडायची सोय मागता येईल, म्हणजे गटारीवर काढता येईल अशी लोखंडी जाळी किंवा सुटे स्लॅब, गेटच्या रुंदीइतकेच, खालून पाणी आणि झाडू दोन्ही जाईल असे. त्याचा अर्ज बांधकाम विभागाकडे, लेखी, आणि परवानगी हातात आल्याशिवाय काम नाही.

मग चढ कुठे काढायचा? आतच काढायचा. इथे टेप घेऊन बसा. दीड फूट चढाला 1 ला 8 असा उतार धरला तर बारा फूट लांबी लागते. तुमचं समोरचं मार्जिन 3 मीटर म्हणजे दहा फुटांच्याही किंचित कमी, त्यात बारा फुटांचा रॅम्प बसणार नाही, म्हणूनच लोक उरलेला भाग रस्त्यात ढकलतात. पण तुमचं गेट उजव्या कोपऱ्यात आलं की रॅम्प समोरच्या मार्जिनमधून सरळ उजव्या पट्टीत शिरतो, बारा फूट उतार, त्यापुढे पंधरा फूट सपाट, एकूण सत्तावीस फूट. छोट्या गाडीची पार्किंगची जागा नियमात 2.3 बाय 4.5 मीटर धरतात, म्हणजे साधारण साडेसात बाय पंधरा फूट. तुमचा प्लॉट पंचेचाळीस फूट खोल आहे असं धरलं तर सत्तावीस फुटांवर तुमची पट्टी अजून सव्वाआठ-साडेआठ फूट भरते, सात फुटांइतकी अरुंद ती आणखी मागे गेल्यावर होते. म्हणजे गाडी बसते! खोली कमी असेल तर गणित बदलेल, ते जागेवर मोजूनच बघा, पण माझ्या मते तुम्हाला सवलतीची गरजच पडणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत निम्मी अडचण गेट चुकीच्या जागी असल्यामुळेच असते आणि माणसं कागदावर आखून न बघता थेट पत्रे आणायला जातात.

रॅम्पच्या बाबतीत दोन गोष्टी गवंड्याला बजावून सांगा. वर रस्त्याच्या तोंडाशी आणि खाली संपताना उतार एकदम मोडू देऊ नका, दोन्हीकडे फूटभर उतार हलका करायला सांगा, नाहीतर गाडीचं पोट घासतं. आणि तुमचं अंगण रस्त्यापेक्षा खाली आहे, म्हणजे पहिल्या जोराच्या पावसात रस्त्याचं पाणी रॅम्पवरून तुमच्या दारात येणार. गेटच्या आत लगेच आडवी जाळीची नाली हवीच, तिचं पाणी कुठे सोडणार तेही आधी ठरवा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर वर्षा-दोन वर्षांत रॅम्पला चिरा पडतात, तेव्हा माती काढून मुरूम भरा, पाणी मारून नीट ठोकून घ्या, मग वरचं काम.

गेट सरकवायचं तर सुधारित नकाशा द्या. गेट पूर्ण आतल्या बाजूला उघडलं पाहिजे, बाहेर रस्त्यावर उघडणारं गेट नियमात चालत नाही, जमलं तर सरकतं गेट बघा. खांब तिथेच राहिला आणि आड आला नाही तर उत्तम, आड येतच असेल तर महावितरणकडे खांब हलवण्याचा अर्ज करायचा, ते अंदाजपत्रक देतात, खर्च आपण भरायचा. स्वतः वायरमन धरून खांबाला हात लावू नका.

आता शेड, आणि इथेच खरा सवलतीचा प्रश्न येतो. आपल्याकडे 2 डिसेंबर 2020 पासून मुंबई महापालिका आणि काही मोजकी क्षेत्रं सोडून सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू आहे, तिलाच सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात 2.4 क्रमांकाचा नियम आहे, स्वेच्छाधिकाराचा. त्याचा अर्थ असा की एखाद्या प्रकरणात खरीखुरी, दाखवून देता येईल अशी अडचण असेल तर प्राधिकरण, म्हणजे तुमच्याकडे आयुक्त, कारणं लेखी नोंदवून नियमातल्या मापात बदल मान्य करू शकतात, अट अशी की त्यामुळे तुमच्या आणि शेजारपाजारच्या लोकांच्या आरोग्याला, आगीपासूनच्या सुरक्षेला, बांधकामाच्या मजबुतीला धोका होता कामा नये. वर प्रीमियम, डिपॉझिट, अटी लावता येतात. पण त्याच नियमात पुढे स्पष्ट लिहिलंय की रस्त्याच्या बाजूचं अंतर, एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते प्रमाण) आणि पार्किंग यात सवलत नाही, नियमावलीतच दुसरीकडे तशी तरतूद असेल तरच. तुमच्या ओळखीच्या इंजिनिअरने अर्धा नियम सांगितला, हे पुढचं वाक्य सांगितलं नाही. समोरच्या मार्जिनमध्ये सवलत मिळवून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला हे वाक्य दाखवा.

बाजूच्या मार्जिनमध्ये मागता येते, हो. पण "दाखवून देता येईल अशी अडचण" म्हणजे काय ते समजून घ्या. अडचण तुमच्या जमिनीची असली पाहिजे. प्लॉट तिरपा आहे, मागे निमुळता होतो, रस्ता नंतर वर चढला, या अडचणी जमिनीच्या आहेत, त्या तुम्ही केलेल्या नाहीत आणि शेजारच्या प्लॉटला त्या तशाच नाहीत. पण शेड कशासाठी हवी? उन्हासाठी. मे महिन्यात जळगावात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही हे मी रोज भोगते, पण ते ऊन गल्लीतल्या प्रत्येक घरावर सारखंच पडतं. उद्या तुम्हाला उन्हासाठी शेड दिली तर सगळ्या गल्लीला द्यावी लागेल आणि मग मार्जिन उरणार कुठे, आग लागली तर बंब आत कसा येणार, शेजाऱ्याच्या खिडकीला वारा कसा लागणार. शेजारी कुरकुर करताहेत ती बहुतेक याचीच असणार, पत्र्याचं पाणी त्यांच्या भिंतीवर येईल ही भीती अगदी रास्त आहे. शेडसाठी अर्ज करू नका असंच मी म्हणेन. गाडीला चांगलं जाड कव्हर घ्या.

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मंजूर नकाशा काढा आणि त्यात पार्किंग कुठे दाखवलंय ते बघा. कितीतरी घरांत नकाशात जिथे पार्किंग आहे तिथे आता भाडेकरूची खोली नाहीतर दुकानाचं शटर असतं. तुमच्याकडेही तसं असेल तर अडचण तुम्हीच तयार केलेली ठरेल आणि सवलतीच्या अर्जाचा पायाच जाईल, तेव्हा आधी ती जागा मोकळी करणं आलं. नकाशाची प्रत हरवली असेल तर महापालिकेतून प्रमाणित प्रत काढा, देत नसतील तर माहिती अधिकारात मागा.

आणखी दोन गैरसमज, हे सगळ्याच वाचकांसाठी. दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटला परवानगी लागत नाही असं सर्रास ऐकायला येतं, ते अर्धवट आहे, तिथेही नियमाप्रमाणे केलेला नकाशा आणि पैसे भरल्याची पावती द्यावीच लागते आणि मार्जिन तर सोडावंच लागतं. दुसरं, 60 दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळाली असं धरतात हे एमआरटीपी ॲक्टच्या कलम 45 मध्ये आहे खरं, पण ते फक्त प्रस्ताव नियमात तंतोतंत बसत असेल तरच. सवलतीचा अर्ज मुळातच नियमात बसत नाही म्हणून केलेला असतो, त्याला हे लागू होत नाही. नकार आला तर मात्र गप्प बसू नका, त्याच कायद्याच्या कलम 47 खाली 40 दिवसांच्या आत शासनाकडे अपील करता येतं, म्हणून नकार तोंडी घेऊ नका, लेखीच मागा.

प्रश्न: नमस्कार ताई. मी धुळ्याला देवपुरात राहतो, रिटायर्ड शिक्षक. प्रश्न माझा नाही, मुलीचा आहे, ती अमेरिकेत न्यू जर्सीला असते. त्यांनी जुनं घर घेतलंय, प्लॉट अरुंद आहे, घरापुढे एकच गाडी मावेल असा ड्राइव्हवे. तो रुंद करायला परमिट मागितलं तर टाउनच्या झोनिंग ऑफिसरने (कुठे काय आणि किती बांधायचं ते नियम बघणारा अधिकारी) नाही म्हणून कळवलं, कारण रुंद केला की तो शेजारच्या हद्दीच्या फार जवळ जातो. आता व्हेरिअन्स, म्हणजे नियमातून सूट, मागा म्हणतात. त्यासाठी 200 फुटांतल्या सगळ्या शेजाऱ्यांना पत्रं पाठवायची, मग सगळ्यांसमोर सुनावणी! पोरगी घाबरलीये. जावई म्हणतात आमच्या दोन गाड्या आहेत आणि तुम्ही येता तेव्हा तिसरी भाड्याने लागते, एवढं कारण पुरे. मला ते पटत नाही. शेजाऱ्यांशी वाकडं येईल का, वकील लागेल का? – एक वाचक, धुळे

उत्तर: गुरुजी, तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. वर जळगावच्या काकांना जे सांगितलं तेच तिथेही आहे, अडचण जमिनीची पाहिजे, माणसाची नाही. न्यू जर्सीत हे सगळं 1975 च्या म्युनिसिपल लँड यूज लॉप्रमाणे चालतं. मापाच्या नियमातून सूट, म्हणजे हद्दीपासूनचं अंतर, रुंदी, झाकलेली जमीन असल्या गोष्टी, हा त्यांच्याकडे "सी" व्हेरिअन्स. जमिनीचा वापरच बदलायचा असेल तर तो "डी", तो फार अवघड, तुमच्या मुलीचा त्याच्याशी संबंध नाही, हे तिला आधी सांगा म्हणजे तिची भीती अर्धी होईल.

"सी" मध्ये दोन वाटा आहेत. पहिली अडचणीची. प्लॉट कमालीचा अरुंद आहे, उथळ आहे, आकार वेडावाकडा आहे, जमीन चढउताराची आहे, किंवा घर आधीच अशा जागी बांधलेलं आहे की नियम पाळला तर मालकाला विनाकारण जाच होतो. दुसरी वाट अशी की सूट दिल्याने झोनिंगच्या मूळ हेतूलाच मदत होते आणि होणारा फायदा तोट्यापेक्षा भरीव आहे. दोन्ही वाटांनी गेलं तरी हे दाखवावंच लागतं की लोकांचं मोठं नुकसान होत नाही आणि गावाच्या झोनिंग आराखड्याला धक्का लागत नाही.

आता जावईबापूंचं कारण यात कुठेच बसत नाही बघा. दोन गाड्या असणं, पाहुणे येणं, ही घरच्यांची सोय झाली. सुनावणी घेणाऱ्या टाउनच्या बोर्डासमोर ते पहिलंच वाक्य म्हणून बोलले तर पुढचं सगळं ऐकण्याची बोर्डाची इच्छा कमी होते. त्यापेक्षा प्लॉटची रुंदी त्या झोनच्या किमान रुंदीपेक्षा कमी आहे का ते बघायला सांगा, जुन्या घरांच्या बाबतीत बरेचदा असते, कारण घर आधीचं आणि नियम नंतरचा. घर प्लॉटच्या एका बाजूला सरकवून बांधलंय का, दुसऱ्या बाजूने ड्राइव्हवे काढायला झाड, विजेचा खांब, पाण्याचा हायड्रंट आड येतो का. रस्त्याला वळण असेल आणि सध्या गाडी रस्त्यावर लावावी लागत असेल तर ती आत आल्याने समोरून येणाऱ्याला रस्ता नीट दिसेल, हा मुद्दा दुसऱ्या वाटेचा, आणि तो मला सगळ्यात जास्त चांगला वाटतो.

किती सूट मागायची हेही फार महत्त्वाचं. दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या राहतील एवढं मागावं, त्याहून एक फूट जास्त नाही. आणि रस्त्याच्या तोंडाशी रुंदी होती तेवढीच ठेवून आत घराजवळ रुंद करता येतं का ते नक्की काढून बघा, त्याने कधीकधी सूटच लागत नाही किंवा अगदी थोडी लागते. पावसाच्या पाण्याचं काय करणार ते तयार ठेवा, कारण जमीन जेवढी झाकाल तेवढं पाणी जास्त वाहतं आणि शेजाऱ्याचा खरा राग तिथेच असतो. पाणी झिरपणारे पेव्हर घालू म्हणतात काही जण, पण काही टाउन त्यालाही झाकलेलीच जमीन धरतात, तेव्हा खरेदीच्या आधी विचारायचं. रस्ता काउंटीचा किंवा स्टेटचा असेल तर तिथून वेगळं परमिट लागतं हेही तिने तपासावं.

पत्रांचं म्हणाल तर ती शिक्षा नाही, उलट त्याने अर्ज पक्का होतो. टाउनकडून 200 फुटांतल्या मालकांची प्रमाणित यादी पैसे भरून मिळते, त्या यादीप्रमाणेच सुनावणीच्या निदान 10 दिवस आधी नोटीस गेली पाहिजे, सर्टिफाइड पोस्टाने किंवा हातोहात, आणि जाहीर नोटीसही प्रसिद्ध करावी लागते. यात एक नाव जरी सुटलं तरी बोर्डाला त्या दिवशी प्रकरण चालवता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवायच्या.

शेजाऱ्यांशी वाकडं येऊ नये म्हणून माझं एकच सांगणं, पत्र पोचायच्या आधी मुलीने आणि जावयांनी स्वतः दार वाजवावं. विशेषतः ज्या बाजूला ड्राइव्हवे सरकणार त्या घरी. हातात नकाशा, हे असं करतोय, पाणी इकडे जाणार, मध्ये झुडपांची रांग लावू, तुमचं काही म्हणणं आहे का. आपल्याकडे कंपाऊंड घालायच्या आधी शेजारच्या आप्पांना सांगतो तसंच. सर्टिफाइड पत्र अचानक हातात पडलं की कुणालाही धसका बसतो, मग तो धुळ्यातला असो नाहीतर तिथला.

सुनावणी म्हणजे कोर्ट नाही. बोर्डावर सात सदस्य असतात, गावातलेच नागरिक, काही पर्यायी सदस्यही असतात. बोलताना शपथ घ्यावी लागते, कारण ती साक्ष असते. स्वतःच्या नावावरचं घर असेल तर वकिलाशिवाय जाता येतं, घर एखाद्या कंपनीच्या नावावर असेल तर मात्र वकील लागतोच. माझं मत विचाराल तर एवढ्या लहान कामाला वकिलापेक्षा चांगला सर्व्हे नकाशा आणि गल्लीतले फोटो यावर पैसे घालावेत. फीशिवाय एस्क्रो म्हणून आगाऊ रक्कम भरावी लागते, बोर्डाच्या इंजिनिअरचा आणि वकिलाचा तपासणीचा खर्च त्यातून जातो, तो वाढू शकतो हे लक्षात ठेवा. आधीची एखादी सुनावणी मागे बसून ऐकून यावी, ती सगळ्यांना खुली असते, बोर्ड कशावर प्रश्न विचारतं ते एका संध्याकाळी कळतं.

होकार मिळाला म्हणून दुसऱ्या दिवशी खोदायला घेऊ नका म्हणावं. बोर्ड लेखी ठराव करतं, मग निर्णय जाहीरपणे प्रसिद्ध होतो आणि त्यानंतर 45 दिवस कुणालाही कोर्टात जायची मुभा असते, त्या काळात काम केलं तर जबाबदारी आपली.

आणि गुरुजी, तुम्ही शिक्षक म्हणून तुम्हाला हे आवडेल. न्यूयॉर्कने शहरभराचा झोनिंगचा नियम केला 1916 साली, आपल्या मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा त्याच्या एक वर्ष आधीचा, 1915 चा. म्हणजे घर कुठवर बांधायचं आणि किती जागा सोडायची हा विचार आपल्याकडे परका नाही, मुलीला सांगा, तू जे करतेयस ते तुझ्या आजोबांच्याही आधीच्या पिढीने इथे केलंय.

प्रश्न: ताई, भुसावळला आमच्या गल्लीत शेजाऱ्यांनी गाडीसाठी गटारीवर पक्का रॅम्प केला. तेव्हापासून पाऊस आला की पाणी तुंबून आमच्या ओट्यावर चढतं. माणसं चांगली आहेत, भांडायची इच्छा नाही. – एक वाचक, भुसावळ

उत्तर: ताई, भांडायचं नाही हे चांगलंच, पण गप्पही बसू नका, सांडपाणी घरात येणं हा आजाराचा विषय आहे. आधी त्यांना घेऊन रॅम्पखाली बॅटरी मारून बघा, बहुतेक ठिकाणी खाली बारीक पाइप टाकून वर काँक्रीट ओतलेलं असतं आणि तो पाइप गाळाने आणि प्लास्टिकने बुजलेला असतो. तसंच असेल तर पक्का भाग फोडून वर काढता येणारी जाळी टाका म्हणा, त्यांच्या गाडीची सोय तशीच राहते आणि तुमचा ओटाही कोरडा राहतो, हा मार्ग सुचवला की बहुतेक माणसं ऐकतात कारण त्यांची सोय जात नाही. खर्चात थोडा हात लावला तर आणखी बरं. ऐकलंच नाही तर नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या, पाऊस चालू असतानाचे फोटो जोडा, उन्हाळ्यातल्या कोरड्या गटारीच्या फोटोने काही सिद्ध होत नाही. पोच घ्यायला विसरू नका. अर्जात शेजाऱ्यांचं नाव घालण्याऐवजी "अमुक ठिकाणची गटार बंद झाली आहे, मोकळी करावी" असं लिहिलं तरी चालतं, काम तेच होतं.

प्रश्न: पारोळा तालुक्यात हायवेला लागून शेत आहे. तिथे घर बांधतोय. हायवेवरून थेट गाडी आत घ्यायला कुणाची परवानगी लागते? ग्रामपंचायतीचा दाखला चालेल ना? – एक वाचक, पारोळा

उत्तर: नाही भाऊ, चालणार नाही. तुमच्याकडून जाणारा धुळे-जळगाव रस्ता राष्ट्रीय महामार्ग 53 आहे, त्यावरून आत यायला तोंड काढायचं तर 2002 च्या राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायद्याखाली महामार्गाच्या यंत्रणेचीच परवानगी लागते, आणि महामार्गापासून घर किती लांब ठेवायचं याचेही वेगळे नियम आहेत, ते बघितल्याशिवाय पायाची आखणी करू नका. खरं सांगायचं तर एका घरासाठी हायवेला थेट तोंड मागूच नये असं मला मनापासून वाटतं. ऐंशी-शंभरच्या वेगाने ट्रक येतात, संध्याकाळी शेतातून ट्रॅक्टर किंवा बैलगाडी हळू बाहेर पडते आणि काय होतं ते तुम्ही त्या पट्ट्यात पाहिलंच असेल. मागच्या बाजूने गावचा शेतरस्ता असेल तर तिकडूनच घराचं तोंड ठेवा. तिकडे रस्ता नसेल आणि मध्ये दुसऱ्यांची शेतं असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. जुनी वहिवाटीची वाट होती आणि कुणी अडवली असेल तर वेगळा अर्ज, तो 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली. सातबारा, गटाचा नकाशा आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांची नावं-पत्ते आधी जमवा, नोटीस त्यांनाच जाते. पेरणी व्हायच्या आत अर्ज टाका, उभं पीक असलं की स्थळपाहणीला कुणी बांधावर यायला तयार होत नाही.